सालोमीबाईच्या घरची न संपलेली प्रार्थना

बसा मंडळी, बसा. पुढं सरका थोडं. मागं जे भिंतीला टेकलेत त्यांना मी उठवत नाही — टेका खुशाल. आज विषयच टेकण्याचा आहे.

शमुवेलराव, पेटी जरा खालच्या सुरात घ्या. घसा बसलाय माझा. एसटीत उभ्यानं आलोय, आणि समोर बघतो तर तुम्हीही दिवसभर राबून आलेले. तिसऱ्या रांगेतल्या ताई तर आत्ताच डुलायला लागल्या. डुलू द्या! त्यांना कुणी कोपरानं ढोसू नका. का ते पुढं कळेल.

तर आजचा प्रश्न. माणूस दमला — आणि तोंडानं म्हणाला, 'दमलो'. एवढंच. तर त्याचा देवावरचा विश्वास कमी झाला का? बोला ना.

माना खाली गेल्या बघा. मला माहीत होतं. आपल्या लोकांत हा शब्द चालतच नाही. आत्ता चर्चच्या दारात एक आजी भेटल्या. गुडघा धरून, पायरीपायरीला थांबत येत होत्या. म्हटलं, "आजी, कसं काय?" म्हणाल्या, "प्रभूच्या कृपेनं अगदी बरं आहे." आणि पुढच्याच पायरीला 'आई गं' म्हणून खाली बसल्या. हसू नका, तुम्हीही तेच म्हणता. घरात काहीही जळत असो, चर्चच्या दारात आलं की ठरलेलं उत्तर — प्रभूच्या कृपेनं बरं आहे. मग ज्याला खरंच बरं नाही, त्यानं कुठं जायचं?

असाच एक शब्द तोंडातून गेला आणि एका बाईच्या गळ्यात अडकला. तिचं आख्यान लावतो. आधी पद घ्या, हळू म्हणा.

*दमले हे हात । जोडवेना आता ।*
*तूच धर नाथा । हात माझे ॥*
*शब्दही सरले । उसासा उरला ।*
*तोच देतो तुला । मायबापा ॥*

पिंपळटेक नावाचं गाव. गावाच्या कडेला आपल्या लोकांची वस्ती, वस्तीत एक छोटं दगडी चर्च. त्या चर्चच्या ओट्याचं काम केलं बन्यामीन मिस्त्री आढावानं. गवंडी माणूस! उंच, रुंद, हात असे की एका हातात घमेलं उचलायचा. त्याची बायको सालोमीबाई. अंगानं बारीक, बोलायला तिखट, आणि शिलाई मशीनवर बसली की वस्तीतल्या सगळ्या झंपरांची मापं तिला तोंडपाठ. एक लेक होती, तीही लग्न होऊन लांब गेली. घरात दोघंच.

एके दिवशी मिस्त्री भिंत सरळ आहे का बघायला ओळंबा लावता लावता खाली बसला तो बसलाच. लकवा. उजवं अंग गेलं, तोंड वाकडं झालं, बोलणं गेलं. तालुक्याच्या दवाखान्यातून घरी आणताना डॉक्टर म्हणाले, "बाई, औषध देऊ. पण एक काम तुमचं. यांना एका कुशीवर पडू द्यायचं नाही. दर थोड्या वेळानं कूस बदलायची. दिवसा आणि रात्रीही. नाहीतर पाठ फुटेल."

आता ऐकायला काय लागतं? कूस बदलायची! पण एवढा मोठा गवंडी आणि ही चिमणीएवढी बाई. खांद्याखाली हात घालायचा, गुडघा खाटेला लावायचा, 'प्रभू, बळ दे' म्हणायचं आणि लोटायचं. मग पाठीशी उशी. मग त्याचा पाय सरळ करायचा. मग आपली कंबर धरून उभं राहायचं. दिवसा होतं हो. रात्री डोळा लागतो न लागतो तोच पुन्हा उठायचं, हे करून बघा कुणीतरी. ज्याचं जळतं त्यालाच कळतं.

पण माणसं नव्हती का वस्तीत? होती की! पहिल्याच आठवड्यात शेजारची पारूआक्का आली. म्हातारी, विधवा, पाठीत वाकलेली. म्हणाली, "सालोमी, रात्रीचं मी थांबते गं." दुसरी कुणी भाजी घेऊन आली. मग घोडं कुठं पेंड खात होतं? इथंच, मंडळी. आपल्याच लोकांत होते अशी एक चूक झाली.

त्या रविवारी चर्चमध्ये साक्ष द्यायची वेळ झाली. तुम्हाला ठाऊक आहे, उपासनेत पाळक विचारतात, "कुणाला साक्ष द्यायची आहे का?" सालोमीबाई उठली. मन भरून आलं होतं, डोळे भरले होते. आणि सगळ्या मंडळीसमोर म्हणाली, "माझं माणूस अंथरुणावर आहे. पण मी कुणा माणसाचा आधार मागणार नाही. माझा आधार देव. तोच बघेल."

अहो, काय हालेलुया झालं! बायकांनी डोळे पुसले. पाळकांनी पुढच्या रविवारी उपदेशात तिचं उदाहरण दिलं. पोराबाळांना सांगायला लागले, विश्वास असावा तर सालोमीबाईसारखा.

झालं. बाई अडकली. आता भाजीची वाटी घेतली तर साक्ष खोटी! पारूआक्का पुन्हा आली तर ही दारातूनच म्हणाली, "नको आक्का. देव आहे ना." लेकीचा फोन आला, "आई, मी येऊन राहू का?" हिनं सांगितलं, "तुझं घर सांभाळ. देव आहे ना."

आणि वस्ती? वस्तीनं लगेच ऐकलं! एरवी आपण कुणाचं ऐकतो का? पण असलं ऐकायला किती सोपं. दारावरून जाताना म्हणायचं, "सालोमीबाई, प्रार्थनेत आहात हं तुम्ही." आणि पुढं चालू लागायचं. ती म्हणायची, "प्रभूच्या कृपेनं बरं चाललंय." तिचंही ठीक, यांचंही ठीक. खाटेवर पडलेल्याला मात्र कुणी विचारलं नाही.

मंडळी, मी तिला दोष देत नाही. तिनं देवाला खोटं वचन दिलं नव्हतं. तिला फक्त असं वाटलं की देवाचा हात धरायचा म्हणजे बाकी सगळे हात सोडायचे. आता देवानं पारूआक्काचे हात कशाला केले असतील, हे तिला कुणी विचारलंच नाही.

दिवस गेले. बाई वाळत चालली. आमटीत दोनदा मीठ पडायला लागलं. मशीनवर बसल्या बसल्या डोळा लागला आणि सुई बोटातून आरपार गेली. फडकं गुंडाळलं, पुन्हा मशीन चालवली. मिस्त्री सगळं बघायचा. त्याला बोलता येत नव्हतं, पण कळत सगळं होतं. त्याची कूस बदलताना ती कण्हायची, आणि तो डोळे मिटून घ्यायचा. लाज वाटायची त्याला. ज्या माणसानं आयुष्यभर दगड उचलले, तो स्वतःच बायकोला दगड झाला होता.

आणि मग एकदा ती झोपली. कूस बदलायला उठलीच नाही. सकाळी उजाडल्यावर दचकून जागी झाली, धावत खाटेशी गेली, त्याला लोटलं — आणि पाठीवर, कमरेच्या वर, लाल झालेलं. मधोमध कातडी सोललेली.

बाई मटकन खाली बसली. ती रडली नाही. दमलेल्या माणसाला रडायलाही जीव लागतो. छताकडे बघून एवढंच म्हणाली, "मी झोपले तर झोपले. पण तू कशाला झोपलास?"

देवाला म्हणाली हो! घाबरू नका, त्याला असलं ऐकायची सवय आहे. आपल्यालाच नसते.

त्या दिवशी तिनं ठरवलं. येत्या रविवारी दुपारी तिच्याच घरी घरगुती प्रार्थना होती. पाळीपाळीनं प्रत्येकाच्या घरी होते तशी. सगळे जमतील, तेव्हा उभं राहून सांगायचं — माझी साक्ष मी परत घेते. माझा विश्वास संपला. आजपासून माझ्या दारात प्रार्थनेला येऊ नका. आणि ती बोलल्याप्रमाणं करणारी बाई होती बरं का. त्या दुपारी एक माणूस मंडळीतून, आणि देवापासून, उठून जाणार होतं. वस्तीला पत्ताच नव्हता.

आला रविवार. दुपारची उन्हं कलली. बाईनं घर सारवल्यासारखं स्वच्छ केलं, सतरंजी टाकली, चहाचं पातेलं चुलीशी मांडून ठेवलं. विश्वास संपला तरी पाहुण्याला चहा पाहिजे! आपली बाईमाणसं अशीच.

मिस्त्रीला खाटेवर भिंतीकडं तोंड करून निजवला होता. पाठीवरून चादर घेतली होती — जखम कुणाला दिसू नये म्हणून.

सगळे आले. पारूआक्का आली. आणि आले नथनेलकाका कसबे. नथनेलकाका म्हणजे चर्चचे पंच, रिटायर हेडमास्तर. शिस्तीचा माणूस! उपासनेत कुणी खोकला तरी मान वळवून बघायचे. आणि त्यांची प्रार्थना... शमुवेलराव हसतायत बघा, त्यांच्याकडंही असतील असे एक काका. नथनेलकाकांची प्रार्थना सुरू झाली की आधी सूर्यचंद्र, मग सगळे देश, मग सरकार, मग जिल्हाधिकारी, मग पाऊसपाणी — आपल्या वस्तीत पोचेपर्यंत चहा निवून जायचा. पोरं त्यांना बघून डोळे मिटायची ती भक्तीनं नव्हे, झोपेनं.

गीत झालं. मग साखळी प्रार्थना. एकानं करायची, त्याची संपली की शेजारच्यानं, अशी करत करत शेवटी घरधनीण. तिची झाली की सगळ्यांनी मिळून आमेन. सालोमीबाईनं मनात योजलंच होतं — माझी पाळी आली की प्रार्थना नाही करायची, उभं राहायचं आणि बोलायचं.

ती खाटेच्या कडेला गुडघे टेकून बसली, कपाळ खाटेच्या पट्टीवर ठेवलं. नथनेलकाकांनी सुरुवात केली. सूर्य झाला, चंद्र झाला. काका समुद्राच्या पलीकडं पोचले. शब्दामागून शब्द, शब्दामागून शब्द... आणि कितीतरी महिन्यांत पहिल्यांदा, दुसरं कुणीतरी जागं आहे एवढं तिच्या अंगाला कळलं.

बाई झोपली. साखळी फिरत फिरत तिच्यापर्यंत आली. आणि शांत. काकांनी एक डोळा उघडला. "सालोमीबाई, तुमची पाळी." उत्तर नाही. थोड्या वेळानं आलं — घोरणं!

एक पोरगी फिस्सकन हसली. नथनेलकाका लाल झाले. "प्रार्थनेत झोप? हाच का तो विश्वास? आटपा, आमेन म्हणा आणि उठवा त्यांना." काकांनी 'आ' म्हणायला तोंड उघडलं — आणि पारूआक्कानं त्यांचं मनगट धरलं. म्हातारीचा हात, पण पकड अशी की काकांचा 'आ' तसाच राहिला.

"आमेन म्हणू नका," ती कानाशी बोलली. "आमेन झालं की ती उठेल. उठली की चहा ठेवील."

"मग काय करायचं?"

"गप्प राहिलात तरी उठेल. तुमच्या आवाजावर झोप लागलीय तिला. तो थांबला की दचकून बघेल, धनी हाक मारतोय का. तुम्हाला लांब प्रार्थना येते ना, मास्तर? वस्ती इतकी वर्षं सोसतीय. आज कामाला येऊ द्या. करा."

मंडळी, नथनेलकाकांना आयुष्यात पहिल्यांदा कुणी सांगितलं — लांबवा! बिचारे गांगरले. पण करायला लागले. सूर्यचंद्र तर होऊन गेले होते. देश संपले. जिल्हाधिकाऱ्यांसाठी पुन्हा एकदा झाली, त्यांचं कल्याण असो. आणि मग काकांपाशी शब्द संपले. डोळे उघडे ठेवून नुसते पुटपुटत राहिले, आणि उघड्या डोळ्यांना खाट दिसली.

मिस्त्री घामानं थबथबला होता. कूस बदलायची वेळ केव्हाच टळून गेली होती. पाठ पेटली होती त्याची. एरवी तो 'आं आं' करून हाक मारायचा. आज त्यानं दातांत चादर धरली होती. बायको झोपली होती ना! ती उठू नये म्हणून तो गवंडी आवाज गिळत होता.

काकांनी चादर बाजूला केली. जखम दिसली.

दर रविवारी ज्या घराला 'प्रार्थनेत आहात' म्हणून सांगितलं, त्या घरातली ही जखम. काका म्हणाले, "हे परमदयाळू, सर्वसमर्थ..." आणि पुढचं येईना. मग हळूच म्हणाले, "देवा. देवा रे."

पारूआक्का उठली. वाकलेल्या पाठीनं खाटेच्या पलीकडं गेली. "मास्तर, आवाज थांबवू नका. आणि हात घाला खांद्याखाली."

आता ऐका, ही प्रार्थना कशी झाली! काका फळ्यापुढं धडा सांगावा तसे सांगत होते, पण त्याच सुरात, प्रार्थनेच्या — "हे प्रभू, याचा खांदा जड आहे... आक्का, तुम्ही पाय धरा... हे प्रभू, सावकाश, सावकाश... पाठ घासू देऊ नकोस... उशी, उशी दे इकडं... दुखलं का रे बन्यामीन? क्षमा कर... प्रभू, आम्हाला क्षमा कर... हां, आता टेकव." देवाशी कुठं बोलतायत आणि शेजाऱ्याशी कुठं, काही कळेना. मला विचाराल तर देवालाही तो फरक करायचा नव्हता.

काकांचा घसा बसला तेव्हा दुसऱ्यानं घेतली. मग तिसरीनं. हसणाऱ्या पोरीनंही घेतली, तिला प्रभूची प्रार्थना तेवढी येत होती, तीच ती पुन्हा पुन्हा म्हणत राहिली. एकीनं चूल पेटवली. एकीनं पाणी तापवलं, मिस्त्रीचं अंग पुसलं. कुणी भाकरी थापली — थापताना आवाज होतो म्हणून बोटांनीच दाबत दाबत. वेडीवाकडी झाली भाकरी. आमेन मात्र कुणी म्हणेना.

दिवेलागण झाली. आणि सालोमीबाईला जाग आली.

उठली ती किंचाळतच. "त्यांची कूस!"

"बदलली," पारूआक्का म्हणाली. "दोनदा."

बाई बघतच राहिली. चादर बदललेली. जखमेवर स्वच्छ फडकं. नथनेलकाका, शिस्तीचे हेडमास्तर, बाह्या सरसावून खाटेशी उकिडवे बसलेले. आणि मग तिला राग आला. हो, राग! उपकार झाले की पहिल्यांदा रागच येतो, खोटं कशाला बोला?

"मला का नाही उठवलं?" ती म्हणाली. "मला बोलायचं होतं. माझी साक्ष खोटी आहे. मी त्या रात्री झोपले म्हणून यांची पाठ फुटली. मी देवावर सोडलं, देवानं सांभाळलं नाही. संपला माझा विश्वास. तुम्ही जा आता घरी."

कुणी हललं नाही. नथनेलकाका बसलेल्या घशानं म्हणाले, "सालोमीबाई, खोटी साक्ष तुमची नव्हती. तुम्ही म्हणालात देव बघेल, आणि आम्ही हालेलुया म्हणून घरी जेवायला गेलो. त्यानं तुमच्याकडं बघायला आमचेच डोळे मागितले असतील, तर ते आम्ही मिटून बसलो होतो. प्रार्थना करत."

बाईनं जखमेवरच्या फडक्याकडं बघितलं.

"आणि जा कसं म्हणता?" काका म्हणाले. "प्रार्थना अजून चालू आहे. तुमची पाळी राहिलीय."

ती पुन्हा खाली बसली. हात जोडायला गेली, पण बोटाला सुईची जखम होती, नीट जोडवेना. पारूआक्कानं ते हात आपल्या हातात धरले. बाईनं देवाला काय म्हटलं ऐकायचंय? सूर्यचंद्र नाही. आभार नाही. म्हणाली, "देवा, मी दमले." आणि आता कुठं ती रडली, चांगली मोकळी होऊन.

सगळ्यांनी आमेन म्हणायचं होतं. तेवढ्यात खाटेवरून आवाज आला. वाकड्या तोंडातून, अर्धा तुटका — "आ... मे..." मिस्त्रीनं म्हटलं! मग सगळ्यांनी.

आता तुम्ही मनात म्हणताय, चालायला लागला असेल मिस्त्री. नाही हो. नाही चालला. दोन शब्द इकडं, एक शब्द तिकडं, एवढंच त्याचं बोलणं परत आलं. तो शेवटपर्यंत खाटेवरच होता. जखम मात्र भरली, हळूहळू. कारण रात्रीच्या पाळ्या लागल्या. नथनेलकाका त्यांच्या पाळीला कूस बदलताना अजून लांबच प्रार्थना करायचे, आणि मिस्त्री डाव्या हातानं त्यांना खूण करायचा — पुरे!

पण खरी गोष्ट पुढच्या रविवारची. चर्चच्या दारात कुणीतरी नेहमीप्रमाणं विचारलं, "काय सालोमीबाई, कसं काय?" सगळ्यांना उत्तर पाठ होतं. बाई थांबली. म्हणाली, "दमलेय. आज रात्री कोण येतंय?"

आणि मंडळी, ज्या चर्चनं तिच्या पहिल्या साक्षीला हालेलुया म्हटलं होतं, त्यानं या साक्षीला काही म्हटलं नाही. नुसते हात वर झाले.

तर मी विचारलं होतं, दमलो म्हणणं म्हणजे विश्वास कमी होणं का? तुम्हीच सांगा. सालोमीबाईचा विश्वास कधी वाढला — मी कुणाचा आधार घेणार नाही म्हणाली तेव्हा, की देवासमोर आणि माणसांसमोर खाली बसली तेव्हा? शुभवर्तमानात वाचलंय ना, आपला प्रभूही वाट चालून दमला, विहिरीवर टेकला, आणि एका परक्या बाईकडं पाणी मागितलं त्यानं. त्याला नाही लाज वाटली मागायला. तुम्हाआम्हालाच कसली वाटते?

आणि जे दमलेले नाहीत त्यांना एक सांगतो. आज घरी जाताना कुणाच्या तरी दारावरून जाल. आत दिवा असेल, खाटेशी कुणीतरी बसलेलं असेल. 'प्रार्थनेत आहात हं' म्हणून पुढं जाऊ नका. चपला काढा. आत जा. खांद्याखाली हात घाला.

मी थकलोय, शमुवेलरावांची बोटं थकलीत. तिसऱ्या रांगेतल्या ताई तर गाढ झोपल्या — त्यांच्या शेजारच्यांनो, त्यांच्या मांडीवरचं लेकरू जरा घ्या तुमच्याकडं. हां, असं. पेटी बंद करा शमुवेलराव, पण आज शेवटचं आमेन मी म्हणणार नाही. ते मी तुमच्याबरोबर देतो. त्या दिव्याच्या घरात जाऊन, काम आटपून, मग म्हणा.